बाबांचं हार्ट फेल्युअर, ५ लाखांचं कव्हर आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बाबा ७४ वर्षांचे, राहायला कासारवडवली, दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, हृदय रक्त नीट ढकलू शकत नाही (हार्ट फेल्युअर म्हणतात ते हेच), आता इकोमध्ये पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण, ३० टक्के, गेल्या आठ महिन्यांत दम लागून तीनदा ॲडमिट, शेवटचा डिस्चार्ज १९ दिवसांपूर्वी. कव्हर म्हणजे मुलाच्या कंपनीची ५ लाखांची पॉलिसी, त्यात आईबाबांना ॲड केलंय, १० टक्के को-पे, म्हणजे क्लेमचा तेवढा वाटा आपण भरायचा. मुलगा दोन-तीन महिन्यांत नोकरी बदलणार. आणि विचारलंय असं की मोठं कव्हर असलं की हॉस्पिटल जास्त नीट बघतं हे खरं का, वयस्कर माणसाच्या हार्ट फेल्युअरमध्ये विम्याने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर कव्हर १५-२० लाखांपर्यंत न्यावं का.

मी ठाण्यात २६ वर्षं फिजिशियन आहे, नौपाड्यात क्लिनिक आहे, दोन ठिकाणी व्हिजिटला जाते, आणि मधली चार वर्षं एका टीपीएसाठी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) क्लेमच्या फायली पण तपासल्यात, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहिलाय. फरक पडतो. पण तुम्हाला वाटतोय तिथे थोडा पडतो आणि तुमचं लक्षच नाहीये तिथे बराच पडतो.

सगळ्यात पहिला फरक पडतो हॉस्पिटलच्या दारात. ज्याच्याकडे विम्याचं कार्ड नाही तो माणूस रात्री उशा एकावर एक रचून बसून झोपतो, पायाला सूज आलेली असते, चप्पल बसत नाही, तरी घरचे म्हणतात सकाळ होऊ दे, मग सोमवार होऊ दे, मग पेन्शन जमा होऊ दे, आणि शेवटी पहाटे तीनला तोंडातून फेस यायला लागला की रिक्षात घालून आणतात. तोवर ऑक्सिजन ७८-८० वर आलेला असतो आणि किडनीनेही हात टेकलेले असतात. कार्डवाला पेशंट दोन-तीन दिवस आधी येतो. आता या दोघांचा निकाल शेजारी शेजारी मांडला तर विमेवाला बराच बरा दिसणारच, पण त्यातला किती वाटा विम्याचा, किती लवकर येण्याचा, किती घरातल्या शिक्षणाचा आणि लिफ्ट असलेल्या बिल्डिंगचा, हे वेगळं काढणं फार अवघड असतं. म्हणून "विमा असलेले जास्त वाचतात" असं कुठे वाचलंत तर लगेच एजंटला फोन लावू नका.

अमेरिकेतलं चित्र या बाबतीत बघण्यासारखं आहे. तिथे ६५ वर्षं झाली की जवळपास सगळ्यांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, म्हणजे आपल्याकडचा आहे-की-नाही हा प्रश्न तिथल्या म्हाताऱ्यांपुरता बराचसा मिटलेला. मग तुलना होते ती कुठल्या प्रकारचं, सरकारी पारंपरिक मेडिकेअर की खासगी कंपन्या चालवतात ते मेडिकेअर ॲडव्हांटेज. हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेल्या लाखो पेशंटची अशी तुलना झालीय आणि हॉस्पिटलमधल्या मृत्यूंमध्ये दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. पण सगळ्यांना कव्हर असूनही तिथे हार्ट फेल्युअरचे साधारण पाचातला एक पेशंट महिन्याच्या आत परत ॲडमिट होतो. ते इतकं खर्चिक झालं की २०१२ च्या ऑक्टोबरपासून जास्त री-ॲडमिशन असलेल्या हॉस्पिटलांचे पैसे मेडिकेअर कापायला लागलं. री-ॲडमिशन कमी झाल्या खऱ्या, पण २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासांत असं दिसलं की त्याच काळात घरी गेल्यानंतरचे मृत्यू हार्ट फेल्युअरमध्ये वाढले. दंडामुळेच वाढले का यावर तिकडे अजून भांडणं चालू आहेत. मला त्यातून एवढंच दिसतं की बेडचे पैसे कोण भरतं यापेक्षा बेड सोडल्यावर काय होतं ते या आजारात जास्त महत्त्वाचं.

आपल्याकडचे आकडे हेच सांगतात, आणि जरा जास्त कडक शब्दांत. त्रिवेंद्रमला २०१३ मध्ये १,२०५ ॲडमिशनची नोंद ठेवून त्या लोकांच्या मागे वर्षानुवर्षं फॉलोअप घेतला. हॉस्पिटलमध्ये गेले साधारण साडेआठ टक्के. ९० दिवस होईपर्यंत तो आकडा १८ टक्क्यांवर गेला, वर्षात ३१ च्या आसपास. म्हणजे हॉस्पिटलमध्ये आपण जेवढे गमावले त्याहून जास्त माणसं पुढच्या तीन महिन्यांत बहुतेक करून सुटून घरी गेल्यावर गेली, ज्या काळात नातेवाईक म्हणतात "आता बरे आहेत, थोडे अशक्त आहेत एवढंच". आणि त्याच नोंदीतली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट, ज्यांचं पंपिंग कमी होतं त्यांच्यातल्या जेमतेम चौघांत एकाला घरी सोडताना गाइडलाइनप्रमाणे पूर्ण औषधं लिहून दिलेली होती. हे केरळ आहे बरं का, जिथली आरोग्यव्यवस्था आपण उदाहरण म्हणून सांगतो. नंतर देशभरातल्या ५३ हॉस्पिटलांतून दहा हजारांवर पेशंटची राष्ट्रीय नोंद झाली, त्यातही ९० दिवसांत १४ टक्के गेले आणि औषधं पूर्ण मिळालेले निम्म्याहून कमी होते.

आता हॉस्पिटलमध्ये पाच दिवस आम्ही करतो काय ते सांगते. ऑक्सिजन, गरज पडली तर मास्कवाला बायपॅप, शिरेतून फ्युरोसेमाइड म्हणजे लोक ज्याला पाण्याचं इंजेक्शन म्हणतात ते, लघवी मोजायची, पोटॅशियम बघायचं, नवीन अटॅक नाही ना हे बघायचं. तिसऱ्या दिवशी पेशंट आडवा झोपतो, सूज उतरते, घरचे खूश. या भागात ५ लाखांचं कव्हर आणि २५ लाखांचं कव्हर यांत औषध तेच असतं, ते इंजेक्शन काही रुपयांचं आहे. माणसाचं आयुष्य लांबवणारं काम करतात त्या घरी जाऊन घ्यायच्या चार प्रकारच्या गोळ्या. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन (किंवा त्याच्या जागी रॅमिप्रिलसारखी), मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन नाहीतर एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटच्या दोन डायबेटिसच्या गोळ्या म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यामुळे "बाबांना शुगर नाही, मग ही का" म्हणून घरचे परस्पर बंद करतात. नका करू. शुगर नसली तरी हृदयासाठी देतात.

आणि या गोळ्या नुसत्या चालू करून भागत नाही, डोस वाढवत न्यावे लागतात. २०२२ मध्ये स्ट्राँग-एचएफ नावाची ट्रायल आली, १,०७८ पेशंट, अर्ध्यांना नेहमीसारखं सोडलं आणि अर्ध्यांना डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेलं, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला बोलावून बीपी, नाडी, किडनी, पोटॅशियम बघत बघत. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी परत ॲडमिट होणं मिळून नेहमीवाल्यांत २३ टक्के, या नेटाने पाठपुरावा केलेल्यांत १५. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, फक्त चार-पाच भेटी आणि रक्ताच्या तपासण्या. तुमच्या बाबांच्या तीन डिस्चार्ज कार्डांचे फोटो तुम्ही पाठवलेत ते मी बघितले. तिन्हीवर बीटा ब्लॉकरचा डोस तोच, सगळ्यात कमी. स्पायरोनोलॅक्टोन पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर गायब, का बंद केलं ते लिहिलेलं नाही. कदाचित पोटॅशियम वाढलं असेल, कदाचित टाइप करताना सुटलं असेल. फॉलोअपसमोर "१५ दिवसांनी किंवा गरज वाटल्यास" असं आहे, आणि गरज वाटली तेव्हा तुम्ही थेट कॅज्युअल्टीतच गेलात.

यात नुसती डॉक्टरांची चूक म्हणणार नाही मी, डिस्चार्जचा दिवस कसा जातो ते डोळ्यांसमोर आणा. सकाळी अकराला राउंड होतो, "आज सोडू" म्हणतात. तिथून सगळं घर बिलिंग काउंटरच्या भोवती. फाइल टीपीएला गेली का, क्वेरी आली का, फायनल अप्रूव्हल आलं का, मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन लॉबीत, सून पार्किंगवाल्याशी वाद घालतेय. बाबा घरचे कपडे घालून पलंगाच्या कडेवर बसलेत. आणि त्याच वेळेला सिस्टर गोळ्यांची पिशवी घेऊन येते आणि कुठली सकाळची, कुठली जेवणानंतर हे समजावते एकट्या बाबांना, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. ते मान हलवतात. संध्याकाळी सातला सगळे घरी. हा सीन मी शेकड्यांनी पाहिलाय आणि गंमत म्हणजे तो विमेवाल्यांच्याच घरात जास्त दिसतो, कॅशवाले पैसे भरून दुपारी निघतात. २०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केलाय की कॅशलेसची विनंती आल्यापासून एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची परवानगी तीन तासांत, उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचा चार्ज लावला तर तो कंपनीने सोसायचा. त्यामुळे काउंटरवर सगळ्यांनी उभं राहायची गरज नाही. एकाने तिथे थांबा, एकाने वॉर्डात थांबून सिस्टरकडून प्रत्येक गोळी समजून घ्या आणि मागच्या डिस्चार्ज कार्डाशी ताडून बघा, काय वाढलं, काय गेलं, का गेलं. हे विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही, आलाच तर येऊ दे.

आता पैशांचा मुद्दा, आणि सगळं उत्तर मी खरं यासाठीच लिहायला घेतलं. आपल्या नेहमीच्या पॉलिसी २४ तास ॲडमिट असल्याशिवाय सहसा पैसे देत नाहीत (डे-केअरची ठरलेली यादी सोडून). म्हणजे बाबांना ओपीडीत बसवून चार तास पाण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं तर खर्च तुमच्या खिशातून, आणि तेच ॲडमिट केलं तर लाख-दीड लाख कंपनी देणार. वर्षभराच्या गोळ्या खिशातून, वजनकाटा खिशातून, फॉलोअप खिशातून. मग माणूस नकळत काय करतो, जे फुकट आहे तिकडे वळतो. पण याला एक मोठा अपवाद पॉलिसीतच छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही. पोस्ट-हॉस्पिटलायझेशन. डिस्चार्जनंतर बहुतेक पॉलिसीत ६० दिवसांपर्यंत (काहींत ९०) त्याच आजाराच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरच्या भेटी यांचे पैसे परत मिळतात. ॲडमिट होण्याआधीच्या ३० दिवसांचेही. आता वरचं आठवा, पहिला, दुसरा, तिसरा, सहावा आठवडा, म्हणजे ४२ दिवस. ज्या काळात पेशंट सगळ्यात नाजूक असतो आणि ज्या काळात डोस वाढवायचे असतात, तो अख्खा काळ तुमच्या पॉलिसीने आधीच कव्हर केलाय. मी क्लेमच्या फायली बघायचे तेव्हा हार्ट फेल्युअरच्या कॅशलेस फायलींच्या मागे पोस्टचा क्लेम आलाय असं क्वचितच दिसायचं. अँजिओप्लास्टीवाले घालतात, मोतीबिंदूवाले डोळ्यांच्या थेंबांची बिलं पण घालतात, आमचे दम लागणारे आजोबा नाही घालत, कारण तोवर ते परत ॲडमिट झालेले असतात.

हिशोब करून बघा ना. चार भेटींचे चार हजार, दर वेळी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)-सोडियम-पोटॅशियम, एखादी एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी), दोन महिन्यांच्या गोळ्या, सगळं मिळून बारा-पंधरा हजारांच्या घरात जातं. को-पे कापून राहील ते मिळेल. त्यासाठी डिस्चार्ज समरीची कॉपी, प्रत्येक बिलाला त्या तारखेचं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, तपासणीचं बिल आणि रिपोर्ट दोन्ही, पैसे भरल्याची पावती. व्हॉट्सॲपवर "गोळी अर्धी करा" असं मी सांगितलं तर ते चालत नाही, मला कागदावर लिहायला लावा. ६० दिवस संपले की पुढे फाइल टाकायला साधारण १५ दिवस असतात, तुमच्या पॉलिसीतली मुदत एचआरकडून विचारून घ्या.

गोळ्यांच्या खर्चाबद्दल अजून एक. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन पूर्वी इतकं महाग होतं की मी लिहिताना पेशंटच्या चपलांकडे बघायचे, खोटं कशाला बोलू. २०२३ पासून भारतात त्याची जेनेरिक आली, डॅपाग्लिफ्लोझिनची २०२० च्या ऑक्टोबरनंतर, एम्पाग्लिफ्लोझिनची २०२५ च्या मार्चमध्ये. आज चारही गोळ्या मिळून महिन्याला दोन हजारांच्या आसपास बसतात, ब्रँडप्रमाणे कमीजास्त. त्यामुळे "परवडत नाही म्हणून एक गोळी सोडली" हे कारण पूर्वीइतकं खरं राहिलं नाही. सोडण्याआधी सांगा, आम्ही स्वस्तातला ब्रँड लिहून देऊ.

केसपेपर. ही माझी स्वतःची चूक आहे, तेव्हा मोकळेपणाने सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका रात्री कोपरीचे एक काका दम लागून आले, सोबत शेजारी होता, मी विचारलं बीपी आहे का, शेजारी म्हणाला हो हो कधीपासून आहे, दहा वर्षं तरी. मी लिहिलं, दहा वर्षांपासून बीपी. खरं म्हणजे काकांना बीपी निघून दोनच वर्षं झाली होती आणि पॉलिसी पाच वर्षांची. कंपनीने क्लेम नाकारला, आजार लपवून पॉलिसी घेतली म्हणून. ते दुरुस्त करायला जुने रिपोर्ट, ॲफिडेव्हिट, माझं पत्र असं करत चार महिने गेले आणि तोवर काकांनी पैशांच्या धास्तीने गोळ्या अर्ध्यावर आणल्या होत्या. त्या ओळीची भीती मला आजही वाटते. त्यामुळे कॅज्युअल्टीत हिस्टरी सांगायला ज्याला खरं माहितीय त्यानेच पुढे व्हा, आणि आजार कधी निघाला त्याचा जुना कागद फोनमध्ये ठेवा. लपवू मात्र नका, ते वेगळं प्रकरण आहे. लपवलेलं आम्हाला इकोवरूनही कळतं. २०२४ पासून एक बरं झालंय, सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर त्यानंतर कंपनी माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारू शकत नाही, सरळसरळ फसवणूक सिद्ध झाली तरच. आधी हे आठ वर्षं होतं.

रूम रेंट थोडक्यात. पॉलिसीत रोजचं भाडं सम इन्शुअर्डच्या, म्हणजे विम्याच्या एकूण रकमेच्या, १ टक्का असेल तर तुम्हाला ५,००० ची रूम. तुम्ही ८,००० ची घेतलीत तर फक्त वरचे ३,००० जात नाहीत, व्हिजिट आणि नर्सिंगचे चार्जेसही त्याच प्रमाणात कापतात. पाच दिवसांत रूमचे ४०,००० आणि बाकीचे असे चार्जेस ४०,००० झाले तर मिळणार पन्नास, खिशातून तीस, वर को-पे. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयू यांना ही कात्री लागत नाही. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला सिंगल रूमने काही फायदा होत नाही, उलट जनरल वॉर्डात सिस्टरच्या नजरेसमोर असतो. दिवाळीतल्या लायटिंगसारखं आहे ते, शेजाऱ्यांना दिसतं.

मोठं कव्हर बघून हॉस्पिटल नीट बघतं का? सम इन्शुअर्ड बिलिंगला दिसतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने कधी एखादा दिवस जास्त ठेवतात, एखादी तपासणी वाढते, कधी सेकंड ओपिनियनला आणखी एक सुपर स्पेशालिस्ट येऊन जातो. त्याला नीट बघणं म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. म्हाताऱ्या माणसाला आयसीयूतला जादा दिवस म्हणजे रात्रभर दिवा, बीप बीप, मग भ्रम होऊन सलाइन ओढून काढणं, पडून राहिल्याने पायातली उरलीसुरली ताकद जाणं. फुकट मिळतो म्हणून तो दिवस घेऊ नका.

मोठी रक्कम खरंच कामाला येते ती दुसरीकडे. पूर्ण डोसवर तीन महिने काढूनही पंपिंग ३५ च्या आत राहिलं तर आयसीडी नावाच्या यंत्राचा (ठोके जीवघेणे बिघडले तर आतून शॉक देणारं) विचार होतो, ईसीजीत विशिष्ट प्रकारचा ब्लॉक असेल तर सीआरटीचा (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र आकुंचन पावाव्यात म्हणून बसवायचा पेसमेकर). हे काही लाखांत जातं. तुमच्या बाबांचे हे तीन महिने अजून सुरूच झालेले नाहीत, कारण पूर्ण डोस कधी झालाच नाही. तेव्हा कोणी आत्ताच यंत्र बसवा म्हणालं तर आधी हे विचारा. आणि रिस्टोर बेनिफिटच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच पॉलिसीत संपलेली रक्कम परत भरते पण त्याच वर्षी त्याच आजारासाठी ती वापरता येत नाही, आणि बाबांचा आजार तोच असणार.

कव्हर वाढवायचं कसं. २०२४ च्या एप्रिलपासून विमा घ्यायला ६५ ची अट राहिली नाही, पण कंपनीने ७४ वर्षांच्या, पंपिंग ३० असलेल्या माणसाला घेतलंच पाहिजे असंही नाही. घेतलं तरी आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. बाबांना तीन वर्षांनी लागणाऱ्या पैशांपेक्षा या वर्षीचे महत्त्वाचे. म्हणून पहिलं काम आयुष्मान वय वंदना कार्ड, आज-उद्यात. २०२४ च्या २९ ऑक्टोबरला सुरू झालं, ७० च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाख, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून. खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. आधार आणि फोन घेऊन आयुष्मान ॲपवर होतं. आईही ७० च्या वर असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. शिवाय महात्मा फुले योजनेत आपल्या राज्यात २०२४ च्या जुलैपासून कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे, पांढरं रेशनकार्ड असलं तरी. अडचण एकच, यादीतलंच हॉस्पिटल लागतं आणि तिथेही तो विभाग यादीत असावा लागतो. अँजिओप्लास्टीला लगेच बेड मिळतो आणि फुप्फुसात पाणी झालेल्या आजोबांना "बेड नाही" हे मी पाहिलंय, कारण नुसत्या औषधोपचाराचे दर रोजावर ठरलेले आणि कमी असतात. तेव्हा पहाटे तीनला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून फिरण्यापेक्षा एखाद्या रिकाम्या दुपारी जाऊन आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमध्ये बसणारा योजनेचा माणूस) विचारून या, हार्ट फेल्युअर घेता का, आयसीयू आहे का. कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटलही यादीत धरून ठेवा.

नोकरीचं. राजीनामा देण्याआधी दोन ठिकाणी विचारा. नव्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईबाबा बसतात का आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, बऱ्याच ग्रुप पॉलिसीत असतो, आणि बसत नसतील तर पगाराच्या बोलणीतच हा मुद्दा काढा. आणि जुन्या विमा कंपनीला विचारा की ग्रुपमधून त्यांच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, त्यात आधी काढलेला वेटिंगचा काळ धरला जातो. शेवटचा दिवस उलटून गेल्यावर विचारलं तर मधल्या काळात बाबा उघडे पडतात. प्रीमियम तगडा असेल, पण २०२५ च्या जानेवारीपासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आयआरडीएआयला विचारावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

आता घरचं, कारण तिन्ही ॲडमिशनच्या आधीचा आठवडा तुम्ही लिहिलाय तो वाचला. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन, कॅलेंडरच्या त्याच चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाणी आहे, त्याच दिवशी फोन करायचा. जुलैत त्यांचं वजन ६१ वरून ६४ झालं होतं आणि तुम्हाला वाटलं तब्येत सुधारतेय. मीठ वेगळं काढणं जमत नसेल तर निदान लोणचं, पापड, फरसाण आणि रविवारची मिसळ बंद. पोट फुगलं की ईनो घेतात असं लिहिलंय, त्यात सोडियम ठासून भरलेलं असतं, ते आजच घरातून काढा (पोट फुगणं हेच कधी कधी पाणी साठल्याचं लक्षण असतं). आणि गुडघ्यासाठी केमिस्टकडून आणलेली डायक्लोफेनॅक. दुसऱ्या ॲडमिशनच्या आधी पाच दिवस ते ती घेत होते. माझ्या मते ते ॲडमिशन त्या गोळीनेच घडवलं. गुडघ्याला पॅरासिटामॉल, शेक, लावायचं मलम, बाकी विचारल्याशिवाय काही नाही.

शेवटच्या डिस्चार्जला १९ दिवस झालेत, म्हणजे ६० मधले ४१ शिल्लक आहेत. या आठवड्यात तुमच्या कार्डिऑलॉजिस्टची वेळ घ्या, माझ्याकडेच यायला पाहिजे असं नाही, तिन्ही डिस्चार्ज कार्डं आणि कॅलेंडरचं पान घेऊन जा, जायच्या आदल्या दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्या, म्हणजे त्याच भेटीत डोस वाढवता येईल. स्पायरोनोलॅक्टोन का थांबलं ते विचारा. १९ दिवसांत घेतलेल्या गोळ्यांची बिलं ड्रॉवरमध्ये असतील ती काढा, आणि पुढच्या वेळी केमिस्टला सांगून बिलावर बाबांचं नाव आणि डॉक्टरांचं नाव टाकून घ्या. तुमच्या नावावरची बिलं तिथे परत पाठवतात, मी स्वतः कित्येक पाठवलीत.